पऱ्याचे पाणी विजेशिवाय वर चढते का? रॅम पंपाचा हिशेब, जोडणी आणि बिघाड

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातली एक वाडी, घराच्या खालच्या अंगाला बारमाही पऱ्या, म्हणजे छोटा ओढा. पऱ्यापासून घराची टाकी अंदाजे २० मीटर उंच आणि दीडशे मीटर लांब. पऱ्यापर्यंत वीज नाही. विचारणाऱ्यांनी एका व्हिडिओत प्लॅस्टिकची बाटली आणि दोन व्हॉल्व्ह जोडून पाणी आपोआप वर जाताना पाहिले. त्यावरून चार शंका आहेत. हे खरे की हातचलाखी? पीव्हीसी पाइपात जमेल का? ६० मीटर वरच्या काजूच्या बागेपर्यंत पाणी जाईल का? आणि वर गेलेले पाणी खाली सोडून डायनामो फिरवता येईल का?

पहिल्या शंकेचे उत्तर: असे व्हिडिओ दोन जातींचे असतात आणि ते ओळखणे सोपे आहे. यंत्राच्या तोंडातून दर ठोक्याला भरपूर पाणी बाहेर सांडत असेल आणि त्यातला थोडासा भाग वर जात असेल, तर तो खरा रॅम पंप. पाणी कुठेच वाया जात नाही, खालच्या ड्रमातून निघते आणि त्याच ड्रमात वरून पडत राहते, तर कॅमेऱ्याच्या मागे मोटर किंवा नळ आहे असे समजावे. वर चढणाऱ्या पाण्याची ताकद कुठूनतरी यायला हवी. रॅममध्ये ती खाली पडणाऱ्या पाण्याकडून येते. म्हणून जिथे पाण्याला खाली उतरायला जागा नाही, म्हणजे विहीर, तळे, सपाट नदी, तिथे रॅम चालत नाही, कोणी कितीही सांगो.

यंत्र जुने आहे. जॉन व्हाइटहर्स्ट या इंग्रज घड्याळजीने १७७२ मध्ये हाताने नळ उघडून-बंद करून चालणारी त्याची आवृत्ती बसवली, आणि फ्रान्सच्या जोसेफ-मिशेल माँगोल्फियेने १७९६ मध्ये ते आपोआप चालणारे केले. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या दोन भावांपैकी हा थोरला.

आत काय घडते ते आकड्यांसकट पाहू, कारण पुढची सगळी मापे त्यातूनच निघतात. वर एक उघडा ड्रम, त्यातून २ मीटर खाली उतरणारा १२ मीटर लांबीचा दोन इंची लोखंडी पाइप, आणि पाइपाच्या शेवटी आपल्या वजनाने उघडी लोंबणारी झडप. झडप उघडी असल्यामुळे पाणी बाहेर सांडू लागते आणि पाइपातल्या पाण्याचा वेग वाढत जातो. सुरुवातीचे त्वरण म्हणजे ९.८१ गुणिले २ भागिले १२, सेकंदाला साधारण १.६ मीटर प्रति सेकंद. पाऊण सेकंदाच्या आसपास वेग १ मीटर प्रति सेकंदाला पोचतो. त्या वेगाला पाणी झडपेला खालून इतके रेटते की ती खटकन बंद होते.

आता पाइपात जवळजवळ २६ लिटर, म्हणजे २६ किलो पाणी धावते आहे आणि पुढे वाट बंद झाली आहे. नळ झटक्यात बंद केल्यावर भिंतीतला पाइप ‘ठक्’ वाजतो तोच हा दणका. लोखंडी पाइपात दाबाची लाट सेकंदाला सुमारे १,३५० मीटर वेगाने धावते. त्यामुळे १ मीटर प्रति सेकंद वेग अचानक थांबला तर दाब १३ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर जाऊ शकतो. म्हणजे १३० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. आपल्याला हवी आहे फक्त २० मीटर, म्हणजे २ किलो. दाब त्याच्या वर जाताच दुसरी झडप, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, उघडते आणि थोडे पाणी हवेच्या टाकीत घुसते. पाइपातल्या पाण्याचा जोर संपला की पाणी किंचित मागे उसळते, दाब क्षणभर वातावरणाच्याही खाली जातो, सांडणारी झडप पुन्हा पडते, दुसरी मिटते, आणि चक्र नव्याने सुरू. मिनिटाला पन्नास-साठ ठोके. हवेच्या टाकीतली दाबलेली हवा दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात पाणी वर ढकलत राहते, म्हणून घराच्या टाकीत धार तुटक न पडता बऱ्यापैकी सलग पडते.

एका ठोक्याचा जमाखर्चही जुळतो. २६ किलो पाणी १ मीटर प्रति सेकंदाने धावत असेल तर त्यात १३ ज्यूल ऊर्जा असते. ५० मिलिलिटर पाणी २० मीटर चढवायला जवळजवळ १० ज्यूल लागतात. म्हणजे ठोक्याला पाव कप पाणी. कमी वाटते, पण हे यंत्र रात्रीही झोपत नाही.

सामान आणण्याआधी दोन मापे घ्यायची आहेत, आणि बहुतेक लोक इथेच आळस करतात. वर येणारे पाणी असे काढतात: मिनिटाला मिळणारे पाणी गुणिले उतार, त्याला चढाईने भागायचे, आणि घरगुती बनावटीच्या रॅमसाठी शेवटी अर्धे करायचे. उतार म्हणजे ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपासून सांडणाऱ्या झडपेपर्यंतची उभी उंची. चढाई म्हणजे झडपेपासून घराच्या टाकीतल्या पाइपाच्या तोंडापर्यंतची. पऱ्यातून मिनिटाला ६० लिटर मिळत असेल आणि उतार २ मीटर असेल, तर ६० × २ ÷ २० × ०.५ = मिनिटाला ३ लिटर. दिवसाला ४,३२० लिटर. जल जीवन मिशनचे माप माणशी ५५ लिटर आहे, त्या हिशेबाने सहा माणसांच्या घराला ३३० लिटर पुरतात, उरलेले परसबागेला.

पण हा ६०चा आकडा कधीचा? डिसेंबरात मोजून रॅम बसवला तर तो मे महिन्यात बंद पडणार. मोजणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या वळवाच्या आधी करा. पाणी एका पन्हळीतून पाडता आले तर बादली आणि घड्याळ पुरते: १५ लिटरची बादली १५ सेकंदांत भरली तर मिनिटाला ६० लिटर. धार एका ठिकाणी गोळा होत नसेल तर फळीला काटकोनी व्ही आकाराची खाच पाडून ती मातीने पक्की बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी किती सेंटिमीटर वर आहे ते फळीच्या अर्धा मीटर मागे मोजा, अगदी खाचेपाशी नाही, कारण तिथे पातळी वाकलेली असते. ५ सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे ४६ लिटर, ६ ला ७३, आणि १० ला जवळजवळ २६०. उंची थोडी बदलली की प्रवाह फार बदलतो, म्हणून पट्टी नीट धरा.

उंचीसाठी मोबाइलमधले ॲप वापरू नका. त्यात काही मीटरची चूक सहज येते आणि इथे उतारच दोन मीटर आहे. गवंड्याची पाण्याची लेव्हल, म्हणजे पारदर्शक नळी, घ्या आणि टप्प्याटप्प्याने मोजत चढा. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. २० मीटर चढण दोन माणसांना तासा-दीड तासाची आहे.

मोजणी करतानाच पऱ्याच्या वरच्या अंगाला एक फेरी मारून या. घराच्या टाकीपेक्षा उंचावर एखादा झरा किंवा डोंगरातून येणारी धार असेल तर रॅमचा नाद सोडा आणि तिथून साधा काळा पाइप टाका. पाण्याला उतरवणे नेहमीच चढवण्यापेक्षा स्वस्त. कोकणात कितीतरी घरांना असेच पाणी येते, अर्धा किलोमीटर पाइप लागला तरीही ते परवडते.

वीज जवळ असेल तर रॅम बसवण्यात फारसे शहाणपण नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. दिवसाला ४,३२० लिटर पाणी २० मीटर चढवायला शुद्ध हिशेबाने पाव युनिटही लागत नाही. अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाचे सगळे नुकसान धरले तरी रोज एखादे युनिट. रॅमची शोभा आहे ती जिथे तार ओढायची म्हटली तर खांबांचा खर्च येतो तिथे. तुमची जागा तशी आहे, म्हणून पुढे जाऊ.

पऱ्यात एका जागी दोन मीटरची उडी सहसा मिळत नाही. तीस-चाळीस मीटरच्या धावेत ती विखुरलेली असते. म्हणून वर गोणत्यांचा छोटा कच्चा बंधारा घालावा. तिथून तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप काठाने जवळजवळ सपाट, अगदी हलक्या उतारावर पुढे न्यावा आणि काठ जिथे खाली उतरतो तिथे चौथऱ्यावर २०० लिटरचा उघडा ड्रम ठेवावा. रॅम त्या ड्रमच्या खाली. मधल्या या पीव्हीसी पाइपाला दणका बसत नाही, कारण दणका उघड्या ड्रमपाशी विरतो. पीव्हीसीची जागा ती.

ड्रमपासून रॅमपर्यंतचा पाइप मात्र लोखंडीच हवा, आणि ही दुसऱ्या शंकेची खरी जागा आहे. पीव्हीसीची भिंत दणक्याने फुगते. लाटेचा वेग १,३५० वरून सवाचारशे मीटरच्या आसपास उतरतो आणि त्याच १ मीटर प्रति सेकंदाला जेमतेम ४ किलो दाब मिळतो. काळ्या एचडीपीई पाइपात अडीच किलोच. तुमच्या २० मीटरला, म्हणजे २ किलोला, पीव्हीसीवर रॅम चालेल, पण कार्यक्षमता ५० टक्क्यांऐवजी ३५-४० टक्के धरा. शिवाय दिवसाला ऐंशी हजार ठोके खाऊन सोल्युशनचे जोड एक ना एक दिवस तडकतात. आधी पीव्हीसीवर प्रयोग करून पाहायला हरकत नाही. कायमचे काम जीआयमध्येच, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपातच, करा. ‘बी’ क्लास, निळ्या पट्ट्याचा. पिवळ्या पट्ट्याचा ‘ए’ पातळ असतो, त्यावर आटे पाडले की भिंत फारच थोडी उरते.

या पाइपाची लांबी मनाने ठरवायची नसते. फार आखूड असेल तर पाण्यात वजनच नाही, दणका फुसका. फार लांब असेल तर घर्षणाने वेगच येत नाही आणि ठोके मंदावतात. सर्वसाधारण नियम म्हणजे उताराच्या चार ते सात पट, आणि लांबी पाइपाच्या व्यासाच्या १५० ते १,००० पटींच्या आत. २ मीटर उताराला १२ मीटर बरोबर बसते, आणि जीआय पाइप सहा मीटरचा येतो म्हणजे दोन नग. सरळ उतरता टाका. मध्ये कुठेही उंचवटा नको, कारण तिथे हवा साचते आणि साचलेली हवा दणका गिळते. कोपरा शक्यतो एकही नको. ड्रममध्ये पाइपाचे तोंड पाण्याखाली निदान ३० सेंटिमीटर असू द्या, नाहीतर भोवऱ्यातून हवा ओढली जाते. तोंडाला जाळी लावा आणि जाळीच्या भोकांचे एकूण क्षेत्र पाइपाच्या तोंडाच्या निदान चौपट ठेवा; एक ऐनाचे पान चिकटले तरी अर्धी जाळी बंद होते.

रॅमसाठी लागणारे सामान तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते:

दोन इंची जीआय टी, २ नग
दोन इंची पितळी स्विंग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, २ नग
दोन इंची गेट व्हॉल्व्ह आणि युनियन (हवा तेव्हा सोडता येणारा जोड), प्रत्येकी १
दोन इंची एल्बो १ आणि निपल ५-६
चार इंची जीआय पाइपाचा ५० सेंटिमीटर तुकडा, वरून पत्रा वेल्ड केलेला, खाली चार-दोन इंची रिड्यूसर
दोन इंचीवरून एक इंचीवर आणणारा बुश आणि एक इंची गेट व्हॉल्व्ह
०-७ किलोचा प्रेशर गेज
वर जाण्यासाठी २५ मिलिमीटरचा काळा एचडीपीई पाइप, ६ किलो दाबाचा, १५० मीटर

जोडणीचा क्रम असा. खाली येणाऱ्या पाइपाला गेट व्हॉल्व्ह, मग युनियन, मग पहिली टी आडवी, तिची फांदी वर. फांदीवर पहिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा बसवायचा: अंगावरचा बाण खाली, टीकडे. असा बसवला की आतली झडप आपल्या वजनाने उघडी लोंबते आणि पाणी तिला खालून रेटून बंद करते. सर्वात जास्त चुका या एका जागी होतात. बाण वर करून बसवलात तर पाणी नुसते सांडत राहील आणि रॅम कधीच ठोका देणार नाही. टीच्या सरळ तोंडाला एल्बो लावून वर वळा, निपल, त्यावर दुसरा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुलटा, बाण वर. त्याच्यावर दुसरी टी उभी. तिच्या आडव्या फांदीतून घराकडे जाणारा पाइप, डोक्यावर हवेची टाकी. घराकडची वाट टाकीच्या तळाशी असल्यामुळे हवा वर कोंडून राहते. गेज या टीपाशी कुठेही. आट्यांना सूत आणि सफेदा. नुसती टेप ठोक्यांनी सैल होते.

चार इंची पाइपाचा ५० सेंटिमीटर तुकडा म्हणजे जवळजवळ ४ लिटर हवा. २० मीटर चढाईला ती दबून एक तृतीयांश, सव्वा लिटरच्या थोडी वर उरते. ठोक्याला ५० मिलिलिटर पाणी येते, त्याच्या पंचवीस पट. एवढे ठीक. टाकी पीव्हीसीची करू नका. पाण्याने भरलेला पीव्हीसी पाइप फुटला तर भिजण्यावर भागते. दाबलेल्या हवेचा फुटला तर तुकडे उडतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीबद्दल बोलायलाच नको, ती दाखवण्यापुरती.

हवेचे आणखी एक दुखणे आहे. दाबाखाली हवा पाण्यात विरघळत जाते आणि थोड्याच दिवसांत टाकी पाण्याने भरते. मग दणका थेट पाइपांवर. यावर जुना आणि उत्तम उपाय म्हणजे दुसऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या लगेच खालच्या निपलला दीड मिलिमीटरचे एक भोक. ठोक्याला त्यातून बारीक पिचकारी उडते, आणि उसळीच्या क्षणी थोडी हवा आत ओढली जाते. ती वर तरंगून व्हॉल्व्हखाली बसते आणि पुढच्या ठोक्याला टाकीत जाते. पिचकारी जास्त वाटली तर भोकात तांब्याच्या तारेचा तुकडा वाकवून अडकवा. भोक कधी पाण्याखाली जाता कामा नये, नाहीतर हवेऐवजी पाणीच ओढले जाईल. भोक नको असेल तर सायकलची जुनी ट्यूब अर्धवट फुगवून, दुमडून टाकीत घालतात; तीही चालते, पण ट्यूब पंक्चर झाल्याचे बाहेरून कळत नाही.

रॅम ६० बाय ६० बाय ३० सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर बोल्टांनी आवळा. सेकंदाला एकदा २६ किलो पाणी थांबते, ते नुसत्या दगडांवर ठेवलेल्या रॅमला आठवड्यात सरकवते. पाइपालाही दर दोन-तीन मीटरवर पक्का आधार द्या. सांडलेल्या पाण्याला पऱ्यात परत जायला उघडी वाट हवी आणि झडप त्या पाण्याच्या वर हवी. हे पाणी पऱ्याचेच आहे आणि पऱ्यातच जाते, तरी खालच्या वाडीला आधी सांगून ठेवा; मे महिन्यात कोणी बंधारा घातलेला दिसला की प्रश्न निघतातच.

आता चालू करणे. घराकडचा गेट व्हॉल्व्ह बंद ठेवा, खालचा उघडा. पाणी सांडेल, झडप खटकन बंद होईल आणि तशीच राहील. घाबरू नका, रॅम बिघडलेला नाही. झडप पुन्हा पडायला पाण्याने मागे उसळायला हवे, आणि उसळायला समोर दाब हवा. तो अजून तयार झालेला नाही. उलट्या व्हॉल्व्हच्या वरच्या तोंडातून काठीने झडप खाली दाबा. ती पुन्हा बंद होईल. असे वीस-तीस वेळा करा. गेज पाऊण किलोच्या आसपास आला की झडप आपोआप पडू लागते. मग घराकडचा व्हॉल्व्ह हळूहळू, पाव-पाव फेऱ्याने उघडा. एकदम उघडलात तर रिकाम्या पाइपात दाब उतरतो आणि पुन्हा काठी घ्यावी लागते. १५० मीटर पाइप भरून घरात पहिली धार यायला मिनिटाला ३ लिटरने पंधरा-वीस मिनिटे लागतात.

रॅमचा मालक आणि रॅम बसवणारा यांत फरक पडतो तो झडपेच्या वजनात. व्हॉल्व्हचे टोपण उघडून झडपेच्या मागच्या नटावर वॉशर वाढवले की झडप उशिरा बंद होते. वेग जास्त मिळतो, ठोके कमी पण जोरकस, पाणी जास्त लागते आणि एकूण पाणी वर जास्त जाते. वॉशर काढले की ठोके भराभर, पाणी कमी लागते, वर जाणारे पाणी कमी पण सांडणाऱ्याच्या मानाने जास्त. म्हणून डिसेंबरात जड झडप, एप्रिल-मेमध्ये हलकी. प्रवाह घटला तरी झडप जडच राहिली तर ड्रम रिकामा होत जातो, पाइपात हवा शिरते आणि रॅम बंद पडतो. योग्य वजनाची खूण अशी की ड्रम काठोकाठ भरून किंचित ओसंडत असतो. दोन इंची रॅमला मिनिटाला २५-३० लिटरच्या खाली झडप मिटवण्याइतका वेगच मिळत नाही. तुमचा पऱ्या मे महिन्यात २० लिटरवर येत असेल तर सुरुवातीपासून सव्वा इंचीचा रॅम घ्या: मिनिटाला १ लिटर, दिवसाला १,४४० लिटर, घराला भरपूर. हिवाळ्यात जास्त हवे असेल तर शेजारी दुसरा रॅम, त्याला ड्रमपासून स्वतंत्र पाइप. घराकडचा पाइप दोघांचा एक चालतो. दोन रॅम एकाच खाली येणाऱ्या पाइपावर लावू नका, एकाचा ठोका दुसऱ्याची झडप बिघडवतो.

बंद पडला तर आधी झडप पाहा. बंद अवस्थेत अडकली असेल तर समोरचा दाब गेलेला आहे किंवा वजन कमी आहे किंवा पाइपात हवा आहे. उघडी राहून नुसते पाणी वाहत असेल तर प्रवाह कमी पडतो आहे, जाळी तुंबली आहे किंवा झडपेत काडी अडकली आहे. शंभरात बहुतेक वेळा काडीच. ठोके नेहमीपेक्षा भराभर आणि पोकळ वाजू लागले तर खाली येणाऱ्या पाइपात हवा. ठोका लोखंडावर हातोडा मारल्यासारखा येऊ लागला, पाइप थरथरू लागले तर हवेची टाकी पाण्याने भरली आहे: रॅम थांबवा, टाकी रिकामी करा, भोक बुजले आहे का ते पाहा. आणि ठोके अगदी छान पण घरी थेंब नाही, असे झाले तर रॅम थांबवून घराकडचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि गेज पाहा. २ किलोवर स्थिर राहिला तर वरचा पाइप कुठेतरी तुंबला आहे. उतरत गेला तर दुसऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची बैठक गळते किंवा वरचा पाइप गळतो. दोन्ही झडपांच्या तोंडाचे रबर झिजते, ते जाड आणि कापडाची वीण असलेले लावा. ट्यूबचे नुसते रबर भोकात ओढले जाते.

काजूच्या बागेबद्दल. चढाई उताराच्या दहा पटींपर्यंत रॅम आरामात चालतो, वीस पटींपर्यंत कुरकुरत. २ मीटर उतारावर ६० मीटर म्हणजे तीस पट. कार्यक्षमता पंचवीस टक्क्यांवर आली तर दिवसाला सातशे लिटर, तेही सगळे नीट जमले तर. ड्रमची जागा वर सरकवून ४ मीटर उतार मिळाला तर चित्र पालटते: पंधरा पट, ४५ टक्के धरून दिवसाला अडीच हजार लिटरच्या थोडे वर. त्यासाठी खाली येणारा पाइप २४ मीटर, म्हणजे चार नग, आणि तो जीआयच. इथे पीव्हीसी चालणारच नाही, कारण त्याचा दणका ४३ मीटरच्या आसपास संपतो. रॅमजवळचा काळा पाइपही ६ किलोचा पुरणार नाही, १० किलोचा घ्या.

शेवटची शंका डायनामोची. मिनिटाला ६० लिटर पाणी २ मीटर पडते तेव्हा त्यात एकूण २० वॅट आहेत, एवढीच तुमच्या पऱ्याची पुंजी. रॅम त्यातले १० वॅट वर पोचवतो. ते पाणी पुन्हा खाली सोडून छोट्या चक्रावर फिरवले तर ४ वॅट हाती येतील आणि टाकी रिकामी. दिवाच हवा असेल तर चक्र थेट ड्रमखाली लावा, ८ वॅटपर्यंत मिळेल; पाणी आणि दिवा दोन्ही एकाच प्रवाहातून पूर्ण मिळणार नाहीत.

मृगाच्या आधी युनियन सोडून रॅम घरी आणा. पहिल्या पुरात पऱ्यातून ओंडके येतात आणि पावसाळ्यात या पाण्याची गरजही नसते. ड्रम उलटा करून वर ओढा, बंधाऱ्याच्या गोणत्या काढा, खाली येणाऱ्या पाइपाच्या दोन्ही तोंडांना टोपणे लावा, नाहीतर आत खेकडे राहायला येतात. आट्यांना ग्रीस फासून रॅम कोरड्या जागी ठेवा, आणि दोन्ही झडपांची रबरे आत्ताच बदलून टाका, कारण नोव्हेंबरात जोडायला घेताना दुकानापर्यंतची फेरी तेवढी वाचते.